व्हर्ननची चौदा सेकंदे

मी, सुलक्षणा लवू मेस्त्री, वय ५९, अविवाहित, राहणार चेंबूर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय स्वतः लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत आणि मला फार भीती वाटते, हे दाखल्यात नाही.

१. राहता फ्लॅट व बँकेतील ठेवी भाची श्रुतिका हिला. बाबांचा सुतारकामाचा रंधा आणि पटाश्याही तिलाच. त्या भंगारात देऊ नयेत.

२. अंधेरीच्या ऑफिसात मी सव्वीस वर्षे ड्रायव्हर लिहिले, म्हणजे जोडलेली वस्तू कशी वाचायची हे संगणकाला सांगणारे प्रोग्रॅम. तिथले साहेब नितेश यांना मी काहीही ठेवत नाही. जुनी मेमरी कार्डे वाचणारा भाग काढू नका म्हटले, तर हसून म्हणाले, "मॅडम, आपण काय म्युझियम चालवतो?" शेवटी तो भाग मीच काढला. मग नव्या आवृत्तीला जुनी कार्डे कोरी वाटू लागली आणि ती 'फॉरमॅट करू का?' असे विचारू लागली.

३. माझी शेजारीण मोनिका हिच्या संगणकानेही तेच विचारले. तिने 'हो' दाबले. कार्डात तिच्या दिवंगत नवऱ्याचे, व्हर्ननचे, एकमेव चित्रीकरण होते. कार्ड घेऊन ती माझ्याकडे आली.

"सुलू, मीच पुसलं गं त्याला. बघ ना, काही निघतं का."

मी न बघताच सांगितले, "नाही निघत." चूक कोणाची, ते मला त्याच क्षणी कळले होते. कार्ड माझ्याकडेच राहिले. सहा वर्षे ती स्वतःला दोष देते आहे.

काढलेला भाग मी घरच्या संगणकावर पुन्हा लिहिला आहे; फॉरमॅट झालेल्या कार्डात मागे काही उरले असेल तर तो शोधतो. कार्ड लावायला मात्र हात धजत नाही. आत काहीच उरले नसेल तर? आणि उरले असेल तर तिला काय तोंड दाखवू? कार्ड व संगणक मोनिकाला द्यावा. हे कलम तिने माझ्या माघारी वाचावे.

पुरवणी, त्याच दिवशी: वरील शेवटचे वाक्य रद्द. साक्षीदार येण्याआधी मी मोनिकाला बोलावून कलम वाचून दाखवले. तिने खुर्ची संगणकापाशी ओढली. मग म्हणाली, "लाव आत्ता."

मला खोचवेना. कार्ड तिनेच खोचले. चौदा सेकंदे निघाली. व्हर्नन कोळंबी सोलतो आहे आणि मान वर न करता म्हणतो, "मीठ बघ गं." तिने ते पुन्हा लावायला सांगितले.

ती निघाली तेव्हा मी विचारले, "माफ करशील?"

"ते कागदावर लिहू नकोस. अजून केलेलं नाही. गुरुवारी हॉस्पिटलात येते मी."

लिहून देणार: सुलक्षणा लवू मेस्त्री (सही)

आम्हा दोघांसमोर त्यांनी सही केली, त्यांच्यासमोर आम्ही केली:
१. शिवदास तोरस्कर (सही)
२. रेवती कांदळगावकर (सही)

चेंबूर, मुंबई
९ जून २०२५