नऊ नंबरच्या खोक्याखाली

क्लीव्हलंड,
मंगळवार, ९ ऑक्टोबर २०१८

प्रिय बर्नडीन,

तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन नीट झालं, असं तुमच्या मुलीकडून कळलं. मी फोन करायला हवा होता. फोनवर मला बोलणं सुचत नाही, हे तुम्हाला ठाऊक आहेच. तुम्ही पाठवलेला खसखशीचा रोल पोचला आणि दोन दिवसांत संपलाही. इकडे थंडी पडायला लागली आहे. माझी तब्येत ठीक आहे.

शाळेच्या जागेबद्दल कळवायचं आहे. आमच्या गल्लीतली शाळा पाडल्यावर ती मोकळी जागा नगरपालिकेनं आम्हा शेजाऱ्यांना पाच वर्षं वापरायला दिली होती. इरीन तुमचीच बहीण, ती त्यात पहिल्या दिवसापासून होती. अट अशी की कायमचं काही करायचं नाही, जमिनीत खुंटीसुद्धा ठोकायची नाही. म्हणून भाज्या लाकडी खोक्यांत, बाकं सुटी, सगळं एका दिवसात उचलता येईल असं. लोक जागा कशी वापरतात ते बघून मग तिथं कायमचं काय बांधायचं ते ठरणार होतं. डेनीस नावाची नगरपालिकेची मुलगी टॅबलेट घेऊन यायची. कुणी एका जागी दहा मिनिटं बसलं की नकाशावर तिथं एक ठिपका.

इरीन गेल्यापासून तीन वर्षं मी रोज सकाळी नऊ नंबरच्या खोक्यासमोर बसत आलो. समोरच्या घरातल्या ओडेसा टेट कॉफीचा थर्मास घेऊन यायच्या.

"वॉल्टर, अंडी उबवतोयस का रे तिथं?"

"ऊन चांगलं लागतं इथं."

"ऊन पलीकडे आहे, शहाण्या. बरं, सरक जरा."

त्या बसल्या की आणखी दोघं-तिघं येऊन बसत. बायको गेलेल्या माणसाला सोबत द्यावी, एवढंच त्यांच्या मनात. मग पत्ते आले, मग केक यायला लागले.

मार्चमध्ये सभा झाली. डेनीसनं नकाशा भिंतीवर लावला. त्यात एक कोपरा ठिपक्यांनी काळाभोर झाला होता. ती म्हणाली, "मिस्टर कोवाल्चिक, सुरुवात तुम्ही केलीत. जागा लोकांनी निवडली. नव्या वाचनालयाचं दार इथंच होणार." टाळ्या वाजल्या. मला उभं केलं. मी टोपीनं डोळे पुसले. ओडेसांना वाटलं, आनंदानं.

२२ तारखेला, सोमवारी, खोदकाम सुरू होईल. त्या कोपऱ्याखाली शाळेची जुनी तेलाची टाकी आहे. तेल मुरलेली माती बारा फुटांपर्यंत काढून ट्रकनं कचऱ्याच्या डेपोवर नेणार आहेत. कुंपण घातलं आहे. खोके उचलले आहेत.

इथवर लिहून मी काल तीनदा थांबलो.

बर्नडीन, इरीन तुमच्या वडिलांच्या कबरीत नाही.

शेवटच्या आठवड्यात ती म्हणाली, "मला शाळेच्या जागेत ठेव, वॉल्ट. तिथं माणसं येतात-जातात. बाबांशेजारी नको. लग्न होईपर्यंत जेवायला त्यांच्याच शेजारी बसले, तेवढं पुरे." आणि हसली. मी हो म्हणालो. ती गेल्यावर दोन दिवसांनी तुम्ही आलात. बाबांची कबर तुमच्या नावावर, फादरांशी बोलणं झालेलं, दगडावर नाव कोरायला दिलेलं. तुम्हालाही मी हो म्हणालो. चर्चमध्ये मिस्सा झाली, तुम्ही रक्षेचा कलश हातात घेतलात, तेव्हाही मी काही बोललो नाही.

कलशात गॅरेजमधल्या शेगडीची राख होती. इरीनची रक्षा मी तिच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरली, नऊ नंबरचा खोका पहारीनं सरकवला आणि हातभर खाली डबा पुरला. पाच वर्षांसाठी मिळालेल्या जागेत. मला वाटलं, लोक तिथं बसत राहिले तर ती जागा कुणी मोडणार नाही. म्हणून रोज जाऊन बसलो. मी बसलो नसतो तर तो कोपरा कदाचित रिकामा राहिला असता.

दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणदिनी, तुम्ही एरीहून येता, त्या दगडापाशी मेणबत्ती लावता आणि तिच्याशी पोलिशमध्ये बोलता. मी टोपी हातात घेऊन शेजारी उभा असतो. मागच्या वर्षी तुम्ही तिची माफी मागितलीत. कशाबद्दल, ते मी विचारलं नाही. ती माफी शेगडीच्या राखेनं ऐकली, हे वर्षभर माझ्या मनातून गेलेलं नाही.

शुक्रवारी मी डेनीसला सांगितलं. तिनं टॅबलेट बाजूला ठेवला. मग म्हणाली, "हे तुम्ही मला मार्चमध्ये का नाही सांगितलंत?" तिनं कंत्राटदाराशी बोलून शनिवारी, वीस तारखेला, सकाळी आठ वाजता फाटक उघडायची सोय केली आहे. तासभर मिळेल. आता खोका नाही, बाक नाही. जागा बरोबर सापडेल का, याची मला धास्ती आहे. डबा गंजला असेल. त्याचं झाकण पहिल्यापासून सैल होतं.

डबा घरी आणून गप्प बसता आलं असतं. तसा विचारही मी केला. पण पुन्हा त्या दगडापाशी तुमच्या शेजारी उभं राहणं मला जमणार नाही.

दफनभूमीचा फॉर्म सोबत जोडला आहे. तिची खरी रक्षा तिथं ठेवायला कबर उघडायची तर मालकाची सही लागते, म्हणजे तुमची. तिचं म्हणणं काय होतं ते आता तुम्हालाही ठाऊक आहे. सही करा किंवा फाडून टाका, पण या वेळी मी नुसता हो म्हणणार नाही, आपण बोलू. रागावला असाल तरी शनिवारी या. मी जन्मात इतका कधी घाबरलो नव्हतो. त्या मातीत एकट्यानं फावडं घालायची माझी छाती होत नाही.

'तुमचा' लिहायला आज हात धजत नाही, म्हणून नुसतंच,

इरीनचा
वॉल्टर