भाऊजी, वरची खोली रिकामी ठेवू नका

तीर्थस्वरूप सदाशिवराव भाऊजींस,

पांढरकवड्याहून कमलाकरचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे सध्या मनातल्या मनात). तुमचा गुडघा जिना चढू देत नाही, असे इंदुताईने फोनवर सांगितले. काळजी घ्या. धाकटा मेहुणा म्हणून यापलीकडे काही सांगायचा अधिकार नाही, म्हणून पुढचे सगळे अधिकार नसताना लिहितो आहे.

तुमची यवतमाळची वरची खोली पक्का भाडेकरू मिळेना म्हणून रिकामी आहे. भाऊजी, पक्का भाडेकरू आमच्याकडे होता. बबनराव. पगारदार, कपाळाला गंध, रोज सकाळी रामराम. गावी लग्नाला म्हणून गेला तो गॅसच्या शेगडीसकट गेला (शेगडी आमची). त्यानंतर आम्ही अर्पिताला ठेवले. मुकुटबनकडच्या कोलाम पोडावरची, म्हणजे आदिवासी वस्तीवरची मुलगी. वसतिगृहात जागा नाही, म्हणून सरकार खोलीभाड्याला मदत देते. आता तिला तुमच्या गावात नर्सिंगला प्रवेश मिळाला आहे, आणि खोली मिळाली नाही तर ती पुन्हा पोडावर जाईल. म्हणून अनुभवाचे चार शब्द.

अशा भाडेकरूमुळे घर सुधारते. मदत मंजूर होण्याआधी खोली बघायला साहेब आले आणि न्हाणीच्या दाराला आतून कडी नाही म्हणाले. हेच कुंदा मला आमच्या साकेतच्या जन्मापासून सांगत होती, पण ती सरकार नव्हती. कडी त्याच संध्याकाळी बसली. शिवाय मदत आमच्या पत्त्याला बांधलेली, त्यामुळे शेगडी घेऊन पळायची सोय नाही. हप्ता उशिरा येतो हे खरे. पण बबनरावाचा उशीर अजून चालूच आहे.

एकदा हप्ता फारच अडला, तेव्हा मदत मिळणाऱ्या पोरांनी आदिवासी विकासच्या ऑफिसच्या फाटकासमोर धरणे धरले. नेमका त्याच दिवशी अर्पिताचा पेपर. ती म्हणाली, "काकाजी, भाडं तुमाले पायजे, पेपर मले द्याचा हाय. तुमीच बसा न." तर्कात खोट सापडेना, म्हणून बसलो. "खोलीभाडं आमच्या हक्काचं" ही घोषणा खोलीचा मालक इतक्या कळकळीने देतो आहे, हे पाहून पोलिसालाही गहिवरले असावे. त्याने मला सावलीत सरकवले. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, खाली 'विद्यार्थी नेते'. वय वर्षे बावन्न. कुंदाने ते कात्रण फ्रीजवर लावले आहे आणि पाहुण्यांना पाण्याआधी तेच दाखवते. पुढे हप्ता आला, आणि अर्पिताने मी मागण्याआधी भाडे हातात ठेवले. माझी तर मागायची सवयच मोडली.

इंदुताईला नमस्कार.

आपला,
कमलाकर

ता. क. पाकिटावर तिकीट नाही हे तुमच्या लक्षात आलेच असेल. पत्र घेऊन दारात उभी आहे तीच अर्पिता. तिला पिशवी खाली ठेवायला सांगा. कुंदाने तुरीची डाळ भरली आहे, जड आहे.

आणखी एक. तुमच्या गावात तिने आधी चार घरे पाहिली. आडनाव टेकाम सांगितले की खोली कालच गेलेली असते. तुम्ही तसे म्हणणार नाही. तुम्ही म्हणाल, इंदूला विचारून सांगतो. तिला मी परवाच विचारले. खोली झाडून, माठ भरून तयार आहे. तुम्ही फक्त दारातून बाजूला व्हा.