सतरा एकांची संख्या

धारवाड, ४ ऑगस्ट १९५८

बाकी उरली नाही. पुन्हा भाग दिला — तरी नाही. तव्यावर भाकरी करपली, अव्वा ओरडली, मी कागदाकडेच बघत बसले.

सतरा एक ओळीने मांडले की होते ती संख्या. १११११११११११११११११. शाळेतून निवृत्त झाल्यापासून अप्पा तिच्या मागे आहेत. त्यांची खात्री — ती मूळ संख्या, तिला कुणानेच भाग जायचा नाही. भाजक व्हायचा तर सतराच्या पटीहून एकाने मोठी मूळ संख्याच हवी; अशी एकेक लहानापासून घेत ते वर चढत आले, मधली एकही न सोडता. मोतीबिंदूने दिसेनासं झाल्यापासून ते भाजक सांगतात, मी भाग देते.

आज आला २०७१७२३. आणि ती फुटली.

बाहेरून नुसते एक, एक, एक. आत हे असं वेडंवाकडं! कुणी ठेवलं तिथे? कुणीच नाही. माणसाला मोजता यायच्या आधीपासून ते तिथेच आहे.

अप्पांनी विचारलं, "उरली ना बाकी?"

मी म्हटलं, "उरली."

५ ऑगस्ट

आज मी भाजक मागितला नाही. डोकं दुखतंय असं अप्पांना सांगितलं.

६ ऑगस्ट

सांगून टाकलं.

अप्पा म्हणाले, "दोन तुकडे गुण. मोठ्याने वाच." गुणाकार झाला, मी वाचू लागले. एक. एक. एक. अप्पा बोटांची पेरं मोजत होते. शेवटच्या एकाला त्यांनी हात जोडले.

मग हळूच, "दुसरा तुकडा केवढा?"

"५३६३२२२३५७."

"तोही फुटत असेल. आता मी कशाचीच खात्री देत नाही."

८ ऑगस्ट

जेवताना माझा थोरला भाऊ महांतेशअण्णा म्हणाला, "अप्पा, इतकी वर्षं तुम्ही कोण भागत नाही तेवढंच शोधलंत की."

"गप जेव," अव्वा म्हणाली.

अप्पांनी भाकरी मोडली. खाल्ली नाही.

९ ऑगस्ट

अप्पांनी भागाकारांचे सगळे गठ्ठे माळ्यावरून काढायला लावले. "बंबात घाल, नीलव्वा. निदान पाणी तापेल."

घातले. त्यांचं अक्षर जळताना बघवत नव्हतं.

१० ऑगस्ट

भांडी घासताना लख्ख दिसलं. दुसऱ्या तुकड्याला जो भागेल तो सतरा एकांनाही भागणारच. तो फुटला तर त्याचा एक भाग लहानच असणार, आणि लहान भाजक तर अप्पांनी एकही सोडला नव्हता — कुणीच भागलं नाही. म्हणजे दुसरा तुकडा फुटूच शकत नाही! अप्पांचं ते सगळं 'नाही, नाही' हीच त्याची सिद्धता.

काल बंबात गेली ती.

राखेच्या हातांनीच जाऊन अप्पांना सांगितलं. त्यांनी चाचपडत खुर्ची माझ्याजवळ ओढली.

"दुसऱ्या तुकड्याच्या वर्गमूळापर्यंत, म्हणजे सव्वात्र्याहत्तर हजारांच्या आतलेच भाजक तपासले की पुरे," ते म्हणाले. "हात धू. पेन्सिल घे."