डाळिंब कुणी भरवलं

आई, तू न पाहिलेल्या तुझ्या नातीला काल शाळेचा प्रोजेक्ट मिळाला, आणि तुझा सातवीचा इतिहासाचा वर्ग गल्फमधल्या अल हैलच्या या फ्लॅटमध्ये पुन्हा भरला. ग्रीक लोकांची तीच गोष्ट. पाताळाचा राजा मुलीला पळवून नेतो, तिथलं अन्न पोटात गेलं की कायमची सुटका नाही, आणि मुलगी डाळिंबाचा दाणा खाते. मग वर्षातले काही महिने आईकडे, बाकीचे पाताळात. "मम्मा, शी इज सो सिली," नात म्हणाली. "भूक लागली तर वेट करायचं ना! एनीवे, फेक गॉड्सची स्टोरी आहे." मी तिच्यावर अशी खेकसले की बिचारी बघतच राहिली.

मीही वहीत हेच लिहिलं होतं, खोट्या देवांची कथा. शाळेत तुला टीचर म्हणायचं, घरी आई. त्या दिवशी दोघींनी मिळून माझी खरडपट्टी काढली. तू मला बाकावर उभं करतेस. "तुझी आई चर्चमधल्या माउलीच्या नोव्हेनाला नऊ दिवस उपास करते ना?" स्वतःबद्दलच विचारतेस आणि वर्ग हसतो. "ती आईसुद्धा नऊ दिवस अन्नपाण्यावाचून लेकीला शोधत फिरली. तिथली माणसं तिच्यासाठी उपास धरायची, तिच्या देवळाला चालत जायची, मेल्यावर आपलं बरं होईल या आशेनं. कुणाच्या उपासाला खोटं म्हणायचं नाही." घरी तांदळाच्या भाकऱ्या थापताना तू पुस्तकात नसलेलं विचारलंस. "मुलगी आईला सांगते, राजानं जबरदस्तीनं भरवलं. खरं सांगत असेल?" मी तोंड वर करून म्हणाले, आईशी कोण खोटं बोलेल? तू भाकरी उलटलीस.

अल मवालेहच्या फळबाजारात मी अजून त्याच व्यापाऱ्याच्या, माझ्या अर्बाबच्या, ऑफिसात आहे. तुझ्या शेवटच्या वर्षी तू फोनवर म्हणालीस, या वेळी नोव्हेनाला ये. मी सांगितलं, अर्बाब पासपोर्ट देत नाही. गल्फचा मालक म्हणजे राक्षस, हे आपल्या वसईत सगळ्यांना आधीच पटलेलं असतं, पुरावा कोण मागतंय? डॉक्टर नको म्हणत असताना तू नऊ दिवस उपास केलास, त्या माणसाचं मन वितळावं म्हणून. नाताळाच्या आधी तू गेलीस. तुझ्या मातीला निघाले तेव्हा मला विमानतळावर सोडायला तोच आला होता, स्वतः गाडी चालवत.

भाऊ दर सुट्टीत त्याला शिव्या घालतो आणि मी मान डोलावते. "सोड ती नोकरी, ये परत त्या नरकातून," तो म्हणतो. कुठल्या तोंडानं येऊ? तिथं आले की तुझी अडकवलेली, बिचारी लेक होऊन फिरावं लागतं. इथं सप्टेंबरात अर्बाब डोंगरावरच्या डाळिंबांची पेटी माझ्या टेबलावर ठेवतो, "खाओ, बच्ची को भी दो," म्हणतो, आणि माझ्या घशाखाली दाणा उतरत नाही. दोन्हीकडची दारं उघडी आहेत, आई, आणि मला कुठेच जाता येत नाही.

नातीनं तक्त्यावर डाळिंब चिकटवलंय. "मम्मा, किंगने फोर्सने दिलं, असं लिहू?" तिनं विचारलं. मी म्हटलं, थांब जरा, आणि आतल्या खोलीत येऊन हे लिहायला बसले. ती अजून बाहेर थांबलीय. हा कागद कपाटात जाईल, तुझ्या फोटोमागे.

पासपोर्टही तेव्हा याच कपाटात होता. रजा मंजूर झाली होती. अर्बाब स्वतःच म्हणाला होता, "यल्ला, मदर के पास जाओ." पण मला इथं आवडू लागलं होतं, मैत्रिणींनी सलालाला सहलीला जायचं ठरवलं होतं, आणि घरी यायचा मला कंटाळा आला होता. तुझ्या त्या नऊ दिवसांतले चार दिवस मी सलालात होते. खूप हसले, पोटभर जेवले.