मौद्याच्या शाखेत ओळख कोणाची होती?

प्रिय वंदनाताई,

आज संपादकांची मेल आली. आपला शोधनिबंध पुन्हा परत आला. कॉलेजात कोणाला सांगावंसं वाटलं नाही. सांगायचं होतं ते तुलाच, आणि तू तर गेल्या उन्हाळ्यातच निघून गेलीस. म्हणून लिहायला बसले.

खरं सांगू? थकली वं ताई मी.

विषय माझाच होता, आठवतं? बँकांचं विलीनीकरण झालं, मौद्याच्या शाखेतले कर्जाचे निर्णय नागपूरच्या मोठ्या ऑफिसात गेले. मग तिथल्या लहान राइस मिलवाल्यांचं काय झालं? उत्तर मला आधीच ठाऊक होतं! माझ्या काकांची तिथे मिल. जुने मॅनेजर संध्याकाळी काकांकडे चहाला यायचे, धान हातात घेऊन बघायचे, आणि सीझनच्या आधी कर्ज मंजूर. आता काका फाइल पाठवतात आणि वाट बघत बसतात. बँकेतली माणुसकी गेली, असं मी प्रस्तावनेतच लिहून टाकलं होतं.

स्टाफरूममध्ये तू ते वाचलंस आणि म्हणालीस, "माधुरी, मॅनेजर चहा प्यायले कोणाकडे जाय वं?"

"काकांकडे. सगळ्यांकडेच जात असतील."

"आमच्या वस्तीत नाही आला कधी."

मग तू तुझ्या बाबांचं सांगितलंस. आजोबांनी धम्मदीक्षा घेतली, बाबा शिकले, मौद्यात पोह्यांची छोटी मिल टाकायची म्हणून त्याच शाखेत गेले. मॅनेजर म्हणाले, ओळखीचं कोणी आणा. कोणाला आणणार? बाबांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या मिलमध्ये काम केलं. तू हे रागाने नाही सांगितलंस, ताई. मला मात्र त्या दिवशी डबा गेला नाही.

मग आपण मुलाखती घ्यायला एस.टी.ने मौद्याला जायला लागलो. काकांसारख्या जुन्या लोकांचं कर्ज विलीनीकरणानंतर खरंच कमी झालं होतं, उशिरा मिळत होतं. पण ज्यांना शाखेत कोणी विचारत नव्हतं, त्यांतल्या काहींना पहिलं कर्ज त्यानंतरच मिळालं होतं. शेवंताबाई आठवते? नवी मिल दाखवताना काय हसत होती! "मले तिथं कोणी वळखत नाही, तेच बरं झालं म्हना. कागद पाह्यले, देऊन देल्लं."

परतीच्या बसमध्ये मी तुझ्याशी भांडले. "मग आमच्या काकांचा त्रास खोटा काय?"

"खोटा काहून राहील? तोही लिही. पण दोन्ही लिही."

इतकी साधी गोष्ट! पण तेवढ्यासाठी किती दमावं लागतं ते मला आता कळतंय.

तुझ्यावर एक राग आहेच. नंदनवनला तुझ्या घरी यायचे, तेव्हा तू उशीला टेकून मसुदा तपासत असायचीस. तब्येतीचं विचारलं की म्हणायचीस, "शेवंताबाईचा भाग ठेवला ना?" दुखत होतं ते का लपवलंस? मला कामाला लावून स्वतः निघून जायचं होतं काय?

तू गेल्यावर पहिल्या नियतकालिकाने कळवलं, नवख्या कर्जदारांचा भाग काढा, निबंध छापतो. आपले विभागप्रमुख म्हणाले, "काढून टाका मॅडम. प्रमोशन अडून राहिलं तुमचं." मी खूप दमले होते. फाइल उघडून तो भाग पुसायला निवडलाही.

पण आधी काकांना वाचून दाखवावासा वाटला. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "मॅनेजर मले विचारे, अमका माणूस कसा आहे? मी ज्याले वळखो, त्याचंच चांगलं सांगो."

"आणि बाकीचे?"

"बाकीचे कधी माह्या ओसरीवर आलेच नाही, बाई." आणि म्हणाले, "हे लिहून टाक. माह्यं नाव नको टाकू फक्त."

मी काहीच काढलं नाही. उलट काकांचं बोलणं त्यात घातलं आणि निबंध दुसरीकडे पाठवला. आज तिथूनही नकार आला. यांचं म्हणणं वेगळं आहे: मुद्दा महत्त्वाचा आहे, पण मुलाखती फार थोड्या आहेत. आणि ताई, त्यांचं बरोबर आहे गं! तू असतीस तर हेच म्हणाली असतीस, म्हणून तर जास्त रडू आलं.

विभागप्रमुखांनी पुन्हा विचारलं तर काय सांगू? प्रमोशन राहीलच अडून. राहू दे.

सुट्टी लागली की मी मौद्याला जाणार आहे. एकटीच. बसमध्ये डोळा लागला तर स्टॉप निघून जायचा, एवढीच भीती! पण जाईन. ज्यांना कर्ज मिळालं नाही, त्यांच्याकडेही जाईन. ते आपले भेटायचे राहिलेच होते. काम पुरं केल्याशिवाय सोडणार नाही. आणि निबंध छापून येईल तेव्हा तुझं नाव पहिलं राहील, माझं नंतर. तू असतीस तर नाही म्हणाली असतीस. आता म्हणून दाखव!

तुझीच,
माधुरी
सक्करदरा, नागपूर