बरणीतले मासे, तळ्यातले मासे

८ नोव्हेंबर १९९८
सरांच्या तोंडात दिवसभर तळी. तळी आणि प्रकाश.

सकाळी त्यांच्या गाडीतून पिंपळगाव बसवंतला गेलो. प्रकाश म्हणजे सरांचा नवा पीएच.डी.चा विद्यार्थी. त्याच्या वडिलांनी द्राक्षबागेच्या कडेची पडीक पट्टी दिलीय. तिथे सहा तळी खणून तयार. आत काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर नदीचा गाळ. आता पाणी भरायचं, पाणवनस्पती, गोगलगायी, किडे सोडायचे, मग माशांची पिल्लं. तीन तळ्यांत मोरचूद, बागेत फवारतात तेच. तीन स्वच्छ. उघड्यावरच्या, जिवंत पाण्यात विष काय करतं ते बघायचं.

आणि मी? सहा वर्षं काचेच्या बरण्या. बरणीत मासा, बरणीत मोरचूद. किती घातलं की मरतो, किती घातलं तरी जगतो. माझा अख्खा प्रबंध एवढाच.

परतताना सर म्हणाले, "मीनल, बरणी म्हणजे नदी नव्हे." मग सहा वर्षांपूर्वी बरण्या मांडायला मला कोणी सांगितलं होतं? मी खिडकीतून कांद्याचे टेम्पो बघत बसले.

प्रकाशला यापुढे प्र. म्हणणार. पूर्ण नाव लिहायला हात धजत नाही.

१७ नोव्हें.
प्र. प्रयोगशाळेत आला. "मॅडम, डोस तुमच्या आकड्याने ठेवा म्हणाले सर."

माझा आकडा. ज्याच्या खाली मासा मरत नाही, तो. सांगितला. पठ्ठ्याने तळहातावर पेनाने लिहून घेतला, वाणसामानाची यादी असल्यासारखा. त्याच्यामागे माझी सहा वर्षं आहेत रे बाबा.

त्याला तास नाहीत, पेपर तपासणं नाही, घरी कोणाचा डबा नाही. सव्विसाव्या वर्षी मलाही कोणी पडीक पट्टी दिली असती तर... माहेरी गच्चीवर कुंडी ठेवायची म्हटलं तरी गळतंय म्हणून ओरडा.

श्रीला सांगितलं. तो नुकताच सिन्नरहून, पहिली पाळी संपवून आलेला. "म्हणजे तुझाच आकडा तळ्यात ना? मग पेढे आण की." कारखान्यात काम करणाऱ्या नवऱ्याला सगळंच सरळ दिसतं.

२० डिसें.
पिंपळगाव ब. मोरचूदच्या तळ्यांत मासे जिवंत. एकही मेला नाही. माझा आकडा बरोबर! काठावर उभी राहून उगाचच हसत होते.

सर म्हणाले, "तळी छान चाललीत." तळी. आकड्याबद्दल अवाक्षर नाही. प्र.च्या खांद्यावर हात ठेवून लांब फिरत गेले दोघे. माझ्या खांद्यावर हात ठेवतील असं नाही, पण सहा वर्षांत कधी असं चालत बोलत... जाऊ दे.

प्र.च्या आईने बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी वाढली. "आमच्या पर्काशचे सर लय मोठा मानूस हाय म्हनं." मी म्हटलं, हो. माझेही तेच सर, हे सांगायचं राहिलं.

१७ जाने. १९९९
वाईट दिवस.

मोरचूदच्या तळ्यांतलं पाणी नितळ. तळ दिसतो. मला वाटलं, किती सुंदर. प्र.ने बारीक जाळी फिरवली, बशीत ओतली, भिंग दिलं. काही नाही. स्वच्छ तळ्यातल्या बशीत मात्र नुसती वळवळ, पाण्यातल्या पिसवा, हिरवं शेवाळ.

मग मासे काढले. मोरचूदमधले जिवंत, पण काड्या. डोकं मोठं, पोट खपाटीला. स्वच्छ तळ्यातले त्यांच्याहून चांगले लांब, भरलेले. एकाच दिवशी सोडलेली पिल्लं.

सर टाळी वाजवून म्हणाले, "बघ मीनल! तुझ्या आकड्याने मासा मेला नाही. त्याचं जेवण मेलं!"

प्र. खाली बघत होता. त्याने तसं खाली बघायला नको होतं. हसला असता तर बरं झालं असतं.

बरणीत मी रोज खाणं टाकायचे. माझे मासे उपाशी कसे राहणार?

१८ जाने.
बरण्या धुतल्या. काही कारण नव्हतं. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणालं, प्रकाशचं काम परदेशी जर्नलमध्ये जाईल. मी म्हटलं, जाऊ दे की. आवाज चिरका आला असावा, सगळ्यांनी बघितलं.

त्याचं काहीतरी चुकावं असं वाटतं. मोठं नको. पण चुकावं.

६ मार्च
चुकलं.

चार दिवस आभाळ भरलेलं, द्राक्षवाले हवालदिल. आज प्र.चा कॉलेजच्या फोनवर फोन. एका स्वच्छ तळ्यातले निम्म्याहून जास्त मासे सकाळी पोट वर करून तरंगत होते. स्वच्छ तळ्यातले! मोरचूदमधले काटकुळे मात्र पोहतायत.

बरं वाटलं. खोटं कशाला लिहू. फोन ठेवला आणि छातीतून काहीतरी हलकं झालं.

सर लालबुंद. "शेजारच्या बागेतला फवारा वाऱ्याने आला असणार. स्वच्छ तळीच घाण झाली तर तुलना कशाशी करणार? सगळं पाण्यात!" शब्दशः पाण्यात. मग माझ्याकडे वळले. "तू जा. बघून ये. तुझ्या डोळ्यांखालून गेलं की मला खात्री."

आत्ता आठवण झाली माझी.

७ मार्च
काल संध्याकाळच्या एसटीने पिं.ब. प्र.कडेच राहिले. प्र. जेवला नाही. आई मला अंगणात म्हणाली, "ताई, पोरगं धा येळा तळ्यावर जाऊन येतंय. तुमी कायतरी करा. तुमचं लय नाव घेतो तो. म्हंतो, मॅडमवानी काम करनारं मानूस नाय बघितलं."

मला म्हणे. मला कधी म्हणाला नाही.

उजाडायच्या आत तळ्यावर. दुसऱ्या स्वच्छ तळ्यात मासे वर येऊन तोंडं उघडझाप करत होते, सगळे, हवेसाठी. ते बघताच कळलं. फवारा नाही. हिरवंगार शेवाळ, चार दिवस ऊन नाही. शेवाळच रात्रभर पाण्यातला ऑक्सिजन ओढत बसतं. बाटलीत पाणी घेऊन मोजला. जवळजवळ संपलेला. दुपारी ऊन पडल्यावर पुन्हा मोजला. चढलेला.

प्र. बाटल्या धरून उभा होता. "म्हणजे माझी तळी खराब नाहीत?"

माझी. म्हटलं, "पाण्यात मोरचूदचं तांबं आहे का ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही." खरंच होतं ते. पण त्याला दोन दिवस तसंच ठेवण्यात मला जी गोडी वाटली, ती शास्त्रातली नव्हती.

९ मार्च
तांबं नाही. मेलेल्या तळ्यात नाही, इतर स्वच्छ तळ्यांतही नाही.

सरांच्या खोलीबाहेर थोडी थांबले. "फवाराच असावा सर" एवढं म्हटलं असतं तर तळी बुजली असती, आणि माझा आकडा बरण्यांत सुखाने राहिला असता. आत गेले. ऑक्सिजन म्हटलं. आकडे ठेवले.

दुपारी चहाला सर सगळ्या विभागाला: "प्रकाशची तळी शाबूत! मी म्हणत होतोच." प्र. उठून म्हणाला, "सर, ते ताईंनी शोधलं." सर म्हणाले, "हो, हो, अर्थात," आणि बिस्किट बुडवलं.

ताई कधीपासून झाले?

वाटलं होतं, खरं सांगितल्यावर हे आत धुमसणारं थांबेल. नाही थांबलं. उलट आता त्याच्यावर रागवायलाही जागा उरली नाही.

२२ ऑगस्ट
सर म्हणतात प्रबंधाला शेवटचं प्रकरण जोड, तळ्यांचं. नाहीतर परीक्षक विचारतील, बाहेर काय होतं? प्र.चे आकडे, त्याच्या परवानगीने.

विचारायला जीव नको झाला. तो म्हणाला, "घ्या ना ताई. तुमच्या आकड्याशिवाय मी तळ्यात काय घालणार होतो?"

इतकं सहज देतो. ज्याच्याकडे भरपूर असतं तो असा देतो. झोंबलं. घेतलं.

११ एप्रिल २०००
तोंडी परीक्षा झाली. बाहेरचे परीक्षक भले गृहस्थ. बरण्यांवर एक प्रश्न, तोही सौजन्य म्हणून. बाकी सगळा वेळ शेवटचं प्रकरण. उत्तरं आली. डॉक्टर झाले.

प्र. पाठीमागच्या बाकावर होता, बाहेर आल्यावर वाकून नमस्कार करायला लागला. मी पाय मागे घेतले. श्रीने इंदिरानगरात घरोघरी पेढे वाटले. शेजारच्या काकू, "कशात गं डॉक्टर?" श्री म्हणाला, "माशांची." सगळे हसले. मीही. मग बाथरूममध्ये नळ सोडून थोडा वेळ बसले.

१ ऑक्टो.
सर मेमध्ये निवृत्त झाले, पुण्याला मुलाकडे गेले. आणि आता प्र.ही चालला. प्रबंध टंकायला दिलाय, हैदराबादच्या मोठ्या संशोधन संस्थेत जागा मिळाली. वातानुकूलित प्रयोगशाळा, म्हणे. जाणारच. त्याच्यासाठी दारं आपोआप उघडतात.

मग म्हणाला, "ताई, तळ्यांचं काय करू? बापू म्हणतात बुजवून वेली लावतो. मी म्हटलं, ताई बघणार असतील तर ठेवा. बघाल?"

दोन वर्षं मला जे हवं होतं ते तो जाता जाता देतोय. त्याला आणखी चांगलं मिळालं म्हणून.

"बघते," म्हटलं. विचार करते की सांभाळते, यातलं कुठलं 'बघते', त्याला कळलं नसावं.

१२ नोव्हें.
पहिल्यांदा एकटी. साडी खोचून तळ्यात उतरले, गाळ पोटरीपर्यंत. दोन वर्षं काठावरूनच सगळं बघत होते! पायाला गोगलगायी लागत होत्या. बापू बांधावरून ओरडले, "ताई, जपून, घसरान!" प्र.च्या आईने पाय धुवायला गरम पाणी दिलं, आणि मुलाची आठवण काढून डोळे पुसले.

एक सुचलंय. बागायतदार सगळं मोरचूद एकदम कुठे मारतात? थोडं थोडं, पुन्हा पुन्हा फवारतात. मग तळ्यातही तसंच का घालू नये? प्र.ची पद्धत एकदम डोसाची. मला वाटतं, थोडं थोडं दिलं तर पिसवा परत येतील. किंवा कायमच्या जातील. माहीत नाही. कितीतरी दिवसांनी काहीतरी माहीत नाही.

४ फेब्रु. २००१
प्र.चा फोन, घरी. हैदराबादहून एसटीडी. आधी ख्यालीखुशाली. काम कसंय विचारलं तर, "चांगलंय ताई. बरण्याच आहेत. खूप मोठ्या, पण बरण्याच." खिडक्या उघडत नाहीत म्हणाला.

मग तळ्यांवर आला. पाणी किती हिरवं? जाळी कोणती वापरता? माझी बारीकवाली? गाळ कोणी ढवळला तर नाही? आईने त्याला सांगितलं होतं, ताई आत उतरतात. "आत कशाला उतरता? मी कधी उतरलो नाही." विचारण्याची धार वाढत चालली होती, आणि मधे मधे हसत होता, ते हसणं जरा उशिरा येत होतं.

ओळखलं मी. माझ्याइतकं ते कोण ओळखणार?

गंमत वाटली, मग लाज, मग पुन्हा गंमत. मग त्याची दया आली, आणि दया आल्याचाही आनंद झाला. काय माणूस आहे मी.

शेवटी म्हणाला, "ताई, मी मेमध्ये येतोय. तोपर्यंत डोसाची पद्धत बदलू नका. प्लीज. तळी आहेत तशी ठेवा."

पहिलं थोडं थोडं वालं मोरचूद मी गेल्या रविवारीच घातलंय.

"ताई? ऐकताय ना?"

श्री समोर पेपर वाचत होता, त्याने मान वर केली. मी रिसीव्हर या कानावरून त्या कानावर घेतला. म्हटलं, "प्रकाश, हे बघ..." आणि पुढचं वाक्य जुळवत राहिले. त्याच्या मागे कुठल्यातरी यंत्राची एकसारखी घरघर ऐकू येत होती.