काचेचं कपाट रिकामं का आहे

दादा,

हॉलमधलं काचेचं कपाट रिकामं दिसेल. चोरी झालेली नाही. बाबांचे जुने घडीचे चाकू टॉवेलात गुंडाळून माझ्या पलंगाखालच्या बॅगेत ठेवलेत. ती बॅग आजच तुझ्या घरी ने.

सकाळी ते नेहमीसारखे मखमलीवर चाकू मांडत बसले होते. मी चहा घेऊन गेले, तर शिंगाच्या मुठीचा चाकू उघडून त्यांनी माझ्यावर रोखला. "कोण आहेस तू? घरात कशी शिरलीस?" मी जागची हलले नाही. "हा कुठं मिळाला तुम्हाला?" एवढंच विचारलं. मग ते जुन्या बाजाराची गोष्ट सांगू लागले आणि सांगता सांगता पातं मिटलं.

मी राईचा पर्वत करते असं तू म्हणतोस. आता म्हणू नकोस. आम्ही डॉक्टरांकडे गेलोय. परत आल्यावर बाबांना खोदून खोदून विचारू नकोस आणि आवाज तर मुळीच चढवू नकोस.

कपाट मी रिकामं केलेलं नाही. भानावर आल्यावर त्यांनीच केलं. एकेक चाकू पुसून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "लपव कुठंतरी. कुठं ते मला सांगू नकोस, मी कितीही मागितलं तरी."